तृतीय पुरुष

मराठी शिकवणाऱ्या माणसाला गाव दोनच कामे सांगते : समारंभ संपताना आभार मानणे आणि समारंभाच्या आधी अर्ज लिहिणे. आभाराच्या कामात धोका नसतो. कारण तोवर मंडळी उठून चपला शोधू लागलेली असतात. अर्जाचे तसे नाही. अर्ज कोणीतरी वाचतो, आणि वाचणारा चांगला निघाला तर लिहिणाऱ्याची पंचाईत होते. माझी अशी पंचाईत एकदाच झाली, आणि ती करणारा माझाच एक जुना विद्यार्थी होता.

पुण्या-मुंबईच्या वाचकांना आमची राधानगरी ठाऊक असते ती धरणामुळे आणि गव्यांमुळे. भोगावती नदीवरचे हे धरण राजर्षी शाहू महाराजांनी बांधायला घेतले आणि आपल्या मुलीच्या, राधाबाईंच्या नावाने हे गाव वसवले. महाराज १९२२ साली गेले. धरण पुरे व्हायला १९५७ साल उजाडले. शेजारीच दाजीपूरचे जंगल. १९५८ पासून ते अभयारण्य आहे. अशा या गावात मी गेली अठरा वर्षे मराठी शिकवतो, आणि माझे वय आता अशा टप्प्यावर आहे की विद्यार्थी मला म्हातारा समजतात आणि म्हातारे मला पोरगा समजतात. दोन्ही पक्षांची कामे त्यामुळे माझ्याकडेच येतात.

एके दिवशी संध्याकाळी आमच्या तरुण मंडळाची चार पोरे दारात उभी राहिली. चौघांच्या हातांत शिरस्त्राणे. मला वाटले, गणपतीची वर्गणी.

"सर, माळावर रेस घ्यायची हाय. तुमी फकस्त अर्ज लिवा. बाकी आमी बघतो."

शर्यत म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढे बैल आले. आमच्या भागात शर्यत ती बैलगाडीची. २०१४ च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने ती बंद केली, डिसेंबर २०२१ मध्ये अटींवर पुन्हा परवानगी दिली, आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने त्या कायद्यावर शिक्कामोर्तब केले. या सगळ्या काळात गावातल्या कट्ट्यावर दुसरा विषय नव्हता. पण पोरांच्या मनात बैल नव्हते. मोटारसायकली होत्या. मोटोक्रॉस! डांबराचा संबंध नाही. मातीचा वेडावाकडा मार्ग, मध्ये उंचवटे, खड्डे, वळणे. उंचवट्यावरून गाडी उडते आणि पलीकडे जमिनीवर आली तर शर्यत पुढे चालू राहते.

"आणि नाही आली तर?" मी विचारले.

"काय हुत न्हाई ओ सर!" चौघे एका सुरात म्हणाले. पुढे दोन महिने हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकले की मंडळाच्या शिक्क्यावर तेच कोरावे असे मला वाटू लागले.

जागा सापडायला वेळ लागला. जंगलाच्या आसपास तर विचारच करायचा नव्हता. गव्यांनी कोणाचे काय बिघडवले आहे? शेवटी जंगलापासून पुष्कळ दूर, एका शेतकऱ्याचा जांभ्याचा माळ मिळाला. मी अर्ज लिहिले. ग्रामपंचायतीला, तहसीलदारांना, पोलिसांना, रुग्णवाहिकेसाठी दवाखान्याला. प्रत्येक अर्जाची सुरुवात वेगळी, शेवट वेगळा. एक कारकून तर म्हणाला, "सर, असा अर्ज आमच्याकडं पयल्यांदा आला." मी दोन दिवस फुशारलो.

अडले ते माळाच्या मालकापाशी. हा गृहस्थ चौथी शिकलेला. पोरांनी त्याच्यापुढे शर्यतीचे रसभरीत वर्णन केले, त्याने शांतपणे तंबाखू मळली आणि विचारले, "माज्या माळावर एखादं पोरगं गेलं, तर मी कुनाच्या दारात जाऊ?"

सगळे गप्प झाले. मग खजिनदार म्हणाले, "मामा, शुभ कामात असं अभद्र बोलू नये." मलाही तसेच वाटले. आपल्याकडे लग्नात वरमाईला कोणी विचारत नाही, की मांडव पडला तर काय कराल. पण मामा हलेनात. विम्याचा कागद दाखवा, मग माळ घ्या, हे त्यांचे शेवटचे शब्द.

"त्यात काय!" सेक्रेटरी म्हणाला. "सगळ्या गाड्यांचा विमा हाय की."

त्या रात्री मी माझ्याच स्कूटरच्या विम्याचा कागद काढून आयुष्यात पहिल्यांदा वाचला. ज्ञानेश्वरीच्या ओव्यांचा अर्थ लावणाऱ्या माणसाने अकरा वर्षे दरसाल पैसे भरून हा ग्रंथ उघडला नव्हता, ही लाजेची गोष्ट खरी. आत स्पष्ट लिहिले होते, की गाडी कोणत्या कामासाठी वापरली तर हा विमा लागू नाही : भाड्याने देणे, आयोजित शर्यत, वेगाची चाचणी. हे काही कंपनीच्या मनचे नाही. आपल्या देशात तिसऱ्या पक्षाचा विमा सक्तीचा झाला तो १९३९ च्या मोटार वाहन कायद्याने. ते प्रकरण अमलात आले १ जुलै १९४६ रोजी. आयोजित शर्यतीला वगळण्याची मुभा त्या कायद्यात होती आणि आजच्या, १९८८ च्या कायद्यातही आहे. म्हणजे आमच्या पंचवीस गाड्या घरून माळापर्यंत विमा घेऊन येणार होत्या, आणि झेंडी पडताक्षणी उघड्या होणार होत्या.

शर्यतीचा विमा वेगळा काढावा लागणार होता. खजिनदारांनी त्याच्या खर्चाचा अंदाज कुठूनसा आणला आणि दुसऱ्या दिवशी माझ्याकडे आले. आवाज खाली घेऊन म्हणाले, "सर, तुम्ही शब्दांतली माणसं. शर्यत कशाला म्हणता? मेळावा म्हणा."

वाचकहो, इथे मला थांबून एक कबुली दिली पाहिजे. मी 'मेळावा' लिहिले. नुसते लिहिले नाही, तर मजेत लिहिले. 'ग्रामीण युवकांचा दुचाकी-कौशल्य मेळावा' असा मथळा दिला. 'स्पर्धक' काढून 'सहभागी' घातले. 'उडी' काढून 'उंचसखल भागातील प्रवास' केला. 'वेग' हा शब्द दोन पानांत कुठेही येऊ दिला नाही. लिहून झाल्यावर मी तो अर्ज स्वतःशी मोठ्याने वाचला. भाषेवरचे माझे प्रभुत्व पाहून मला बरे वाटले.

विमा एजंट हा माझा जुना विद्यार्थी. वर्गात शेवटच्या बाकावर बसत असे आणि माझ्या समजुतीप्रमाणे झोपत असे. त्याचा फोन आला.

"सर, अर्ज वाचला. झकास हाय. एक शंका हुती. मेळाव्यात गाड्या किती फूट उडणार?"

मी काहीतरी पुटपुटलो. तो स्वतःच घरी आला. चहा झाला. मग अर्ज समोर ठेवून अगदी हळू बोलला; मोठ्या माणसाची चूक लहानाने दाखवावी तसा. "सर, मेळाव्याचा विमा काढला तर तो मेळाव्यालाच लागू. काही झालं, की कंपनी म्हणणार, ही तर शर्यत होती. आम्हांला सांगितलंच नाही. पैसे भरूनसुद्धा हात रिकामे. आणि सर, त्या वेळी पोराच्या बापाला हा अर्ज कोण वाचून दाखवणार? तुम्ही?"

मी काही बोललो नाही. बोलण्यासारखे नव्हतेच.

पुढे कुतूहलाने वाचले तेव्हा कळले, की या नियमाला अडीचशेहून अधिक वर्षे झाली आहेत. सुमात्रा बेटावरच्या एका इंग्रजी किल्ल्याचा विमा होता. किल्ला फ्रेंचांनी घेतला आणि भरपाईचा दावा कोर्टात गेला. त्या खटल्यात १७६६ साली लॉर्ड मॅन्सफील्ड या न्यायाधीशाने हे तत्त्व मांडले, की विमा म्हणजे परस्परांवरच्या विश्वासाचा करार; एकाला माहीत असलेली महत्त्वाची गोष्ट त्याने दुसऱ्यापासून लपवता कामा नये. आणि गंमत अशी, की मोटोक्रॉसचा जन्मही एका नावाच्या भांडणातून झाला आहे. २९ मार्च १९२४ रोजी इंग्लंडातल्या कॅम्बर्ली गावी काही मंडळींनी मातीवरून मोटारसायकली पळवायचे ठरवले. तेव्हा चालकाचे कौशल्य जोखणाऱ्या स्पर्धेला 'चाचणी' म्हणत. यात जोखणे नव्हते, नुसते पळणे होते; म्हणून वरिष्ठ संस्थेने सांगितले, की याला चाचणी म्हणता येणार नाही. तेव्हा त्यांनी सरळ 'स्क्रॅम्बल' नाव ठेवले. आपण त्याला 'धडपड' म्हणू. या शब्दात धडपडणेही आहे आणि पडणेही आहे! फ्रेंचांनी पुढे मोटारसायकल आणि रानोमाळ धावणे यांची नावे जोडून 'मोटोक्रॉस' केले. म्हणजे त्या लोकांनी जे होते ते नाव दिले. मी मात्र प्राध्यापक असून मेळावा भरवला होता.

अर्ज पुन्हा लिहिला. पहिल्याच ओळीत 'शर्यत'. एका कंपनीने नकार दिला. दुसरीने लांबलचक प्रश्नावली पाठवली. राष्ट्रीय स्तरावर मोटार शर्यतींचे नियमन करणारी 'फेडरेशन ऑफ मोटर स्पोर्ट्स क्लब्ज ऑफ इंडिया' ही संस्था आहे; तिच्याशी संलग्न असलेल्या एका क्लबाच्या देखरेखीखालीच शर्यत घ्यायची, हेही एजंटने गळी उतरवले.

त्या प्रश्नावलीने मला माझाच विषय नव्याने शिकवला. व्याकरणात पुरुष तीन. बोलणारा तो प्रथम, ज्याच्याशी बोलतो तो द्वितीय, आणि ज्याच्याविषयी बोलतो तो तृतीय. वर्गात या तिसऱ्याकडे मी कधी फारसे लक्ष दिले नाही. तो बिचारा गैरहजर असतो. विम्याच्या कागदातही तीनच पुरुष निघाले. विमा घेणारे आम्ही पहिले, देणारी कंपनी दुसरी, आणि ज्याने कुठेही सही केलेली नाही, ज्याला बक्षीस मिळायचे नाही, जो नुसता दोरीपाशी उभा आहे तो तिसरा. फरक इतकाच, की या व्याकरणात सगळे वाक्य त्या तिसऱ्यासाठी लिहिलेले असते.

आणि ते का, हेही वाचनात आले. ११ जून १९५५ रोजी फ्रान्समधल्या ल मान्सच्या शर्यतीत एक मोटार उडून तिचे तुकडे गर्दीत घुसले. शर्यत पाहायला आलेली ऐंशीहून अधिक माणसे त्या संध्याकाळी मेली. मोटार चालवणारा त्यांत एकटा. बाकी सगळे तृतीय पुरुष.

आता प्रश्नावली घेऊन आम्ही माळावर गेलो. प्रेक्षक कोठे उभे राहणार? सेक्रेटरीने ऐटीत दाखवले : मोठ्या उडीनंतरचे वळण, त्याच्या बाहेरच्या बाजूला फणसाचे झाड. सावली आहे, दिसते झकास. तिथेच मंडप, तिथेच पाहुण्यांच्या खुर्च्या. एजंटने उडीच्या टोकापासून झाडापर्यंत पावले मोजली. मग म्हणाला, "हँडल हातातनं सुटलं तर गाडी कुठं जाईल?" कोणी उत्तर दिले नाही, सगळे फणसाकडे पाहत होते. मंडप उचलून मागच्या उंच बांधावर गेला. सावली गेली. सेक्रेटरी दिवसभर कुरकुरत होता.

पुढचा प्रश्न : मार्ग ओलांडणारी पायवाट आहे काय? "न्हाई," पोरे म्हणाली. "हाय की," मामा म्हणाले. "आमची आक्का रोज दहाला म्हस घेऊन जाती." माळाच्या कडेला राहणारी ही म्हातारी आम्ही दोन महिने रोज पाहत होतो, अर्जात ती आली नव्हती. त्यातून कोल्हापूरकडच्या म्हशींची एक खोड. आमच्याकडे दिवाळीच्या पाडव्याला सजवलेल्या म्हशी मोटारसायकलीमागे पळवतात. मालक फटफटी घेऊन पुढे आणि म्हैस शिंगे रोखून मागे. आक्काच्या म्हशीला ती सवय असली तर शर्यतीत सव्विसावा स्पर्धक आला असता. पायवाटेवर लाल झेंडी घेऊन एक माणूस उभा करायचे ठरले.

"आणि झेंडी धरणारी पोरं कशात येतात?" एजंटने विचारले. "ती ना स्पर्धक, ना प्रेक्षक." त्यांनाही अपघात विमा काढला. त्या यादीत मीही होतो. प्रीमियमचा आकडा दुसऱ्या बक्षिसाएवढा निघाला. तेव्हा दुसऱ्या क्रमांकाला शाल, नारळ आणि ढाल देण्याचे ठरले. स्पर्धक मात्र तिसऱ्या पुरुषात येत नाही. तो जाणूनबुजून उतरतो. म्हणून त्याचा अपघात विमा वेगळा आणि त्याचा अर्जही वेगळा.

ते अर्ज भरायला एका रविवारी पोरे आमच्या अंगणात जमली. अठरा वर्षांखालच्या दोघांना क्लबाच्या माणसाने आधीच परत पाठवले होते. बाकीच्यांची टवाळी चालली होती. नाव, गाव, वय, रक्तगट भरेपर्यंत हसणे चालू होते. मग 'नामनिर्देशित व्यक्ती' हा रकाना आला.

"ह्ये काय सर?"

मी अर्थ सांगितला. दुसरा शब्द शोधला नाही. तुला काही झाले तर पैसे कोणाला द्यायचे, त्याचे नाव.

अंगण एकदम शांत झाले. मग एकेक जण खाली मान घालून लिहू लागला. मी कागद गोळा करताना पाहिले; बहुतेकांनी 'आई' लिहिले होते. नुसते 'आई'. पूर्ण नाव आणि वय लिहा, असे सांगितल्यावर काही जण घुटमळले. सर्वांत धीट पोरगा, जो "काय हुत न्हाई" सर्वांत मोठ्याने म्हणायचा, त्याला आईचे वय ठाऊक नव्हते. त्याने तिथूनच फोन लावला.

"आये, तुजं वय किती?"

पलीकडून काय आले ते आम्हांला ऐकू आले. "कशाला रं?"

पोरगा माझ्याकडे पाहू लागला. मीही त्याच्याकडे पाहिले. आम्हां दोघांपाशीही त्या प्रश्नाला उत्तर नव्हते. "आसंच," तो म्हणाला आणि फोन ठेवला. मग बराच वेळ लेखणी हातात धरून बसला, आणि थोड्या वेळाने घरी जाऊन, आईला समोर बसवून, सगळे विचारून आला. कागदावर तिचे वय होते छत्तीस. त्याच दिवशी त्याने मेकॅनिककडून मानेचा पट्टा आणि छातीचे चिलखत उसने आणले.

माझ्याही कागदावर तो रकाना होता. मी पत्नीचे नाव लिहिले. तिने मागून वाचले आणि विचारले, "वय दोन वर्षांनी का वाढवलंत?" अर्ज खरा असला पाहिजे, हे मी शिकलो होतो, पण सवय जायला वेळ लागतो. दुरुस्त केले.

शर्यत फेब्रुवारीतल्या एका रविवारी झाली. सकाळी धुके, मग लाल धूळ. हलगी, भोंगे, वड्यांच्या गाड्या, बांधावर पाच गावची माणसे. दहाच्या सुमाराला दुसरी फेरी सुटणार तोच पायवाटेवरची लाल झेंडी वर गेली. आक्का आली होती. गाड्या बंद झाल्या. मोठ्या शांततेत म्हैस आणि म्हातारी मार्ग ओलांडू लागल्या. घाई दोघींनाही नव्हती. पलीकडे पोचल्या तशी बांधावरून टाळ्यांचा कडकडाट झाला. आक्का वळून ओरडली, "टाळ्या कशाला वाजवायला लागलाय? रोजच जातो की मी!"

अखेरच्या फेरीत तो धीट पोरगा पुढे होता. मोठ्या उडीवर गाडी उडाली, हवेत तिरकी झाली, जमिनीवर येताच हँडल फिरले. पोरगा एकीकडे पडला. गाडी एकटी तशीच गेली आणि फणसाच्या बुंध्यावर आदळली. क्षणभर माळावर हलगीसुद्धा वाजली नाही. मी पहिल्या वळणावर झेंडी घेऊन उभा होतो. मला पोरगा दिसत नव्हता. मला फक्त ती मोकळी जागा दिसत होती, जिथे आम्ही पाहुण्यांच्या खुर्च्या मांडणार होतो.

पोराच्या गळपट्टीचे हाड मोडले. चिलखताला मोठा ओरखडा होता. रुग्णवाहिका जागेवरच होती. तासाभरात तो कोल्हापुरात होता. पुढे कागदांची धावपळ झाली, बिलावर बिले जोडली. सगळे पैसे मिळाले असे नाही, बरेचसे मिळाले. त्याची आई दवाखान्यात मला म्हणाली, "सर, वय कशाला इचारलं त्ये आता कळलं." तिच्या आवाजात राग होता की आणखी काही, हे मला अजून ठरवता आलेले नाही.

यंदा पुन्हा शर्यत आहे. तोच पोरगा आता पायवाटेवर झेंडी धरणार आहे. आईने तेवढीच परवानगी दिली आहे. खजिनदार परवा अर्जासाठी आले आणि म्हणाले, "सर, शर्यत असं ठळक लिवा बरं का." मामांनी या वेळी तंबाखू मळता मळता प्रश्नावली स्वतःच वाचून घेतली. मंडपाची जागा कोणी विचारलीही नाही.

माळावरून परत येताना आक्का भेटली. म्हशीच्या पाठीवर हात ठेवून तिने विचारले, "मास्तर, यंदा कवा हाय तुमची ती? मला आदी सांगा. म्हंजी मी लवकर जातो."

'मी जातो.' आमच्याकडच्या बायका असेच बोलतात. व्याकरणाच्या पुस्तकाला ते मानवत नाही. पण मला त्या वाक्यातला 'मी' ऐकू आला. मी तिला तारीख सांगितली, आणि घरी आल्यावर अर्जात पायवाटेचा उल्लेख पहिल्याच पानावर घेतला.